सीटॅब दुप्पट घातलं तरी पीपी-क्लेचा मॉड्युलस उलट खाली आला, कुठे चुकतंय?

पॉलिमर_पोरगी:

नमस्कार मंडळी, एमटेकच्या दुसऱ्या वर्षाला आहे, प्रोजेक्ट पॉलिप्रॉपिलीनमध्ये (पीपी) मॉन्टमोरिलोनाइट क्ले, म्हणजे थराथरांची माती, घालून नॅनोकंपोझिट करायचा. पंधरा दिवस झाले, डोकं चालेनासं झालंय म्हणून इथे विचारतेय. सगळं सविस्तर लिहिते म्हणजे तुम्हाला परत परत विचारावं लागणार नाही.

क्ले सोडियमवाली, विकतची, पाकिटावर सीईसी (धनआयन अदलाबदलीची क्षमता) ९२.६ मिलिइक्विव्हॅलंट दर १०० ग्रॅमला असं लिहिलंय. पन्नास ग्रॅमची बॅच घेतली, पाण्यात रात्रभर फुगत ठेवली, सकाळी ७० डिग्रीला स्टिररवर ठेवून सीटॅबचं (सेटिल ट्रायमिथाइल अमोनियम ब्रोमाइड, साबणासारखं सरफॅक्टंट) द्रावण हळूहळू सोडलं, बघता बघता दूध फाटतं तसं झालं, खाली गोळे आणि वर निवळ पाणी. आता सीटॅब किती घ्यायचं, तर मला वाटलं जितकं जास्त तितके थर एकमेकांपासून लांब जातील, म्हणून सीईसीच्या दुप्पट घेतलं, म्हणजे ५० ग्रॅम क्लेला ३३.७५ ग्रॅम. गाळून तीनदा पाण्याने धुतलं, ८० ला वाळवलं, खलात कुटून चाळून घेतलं. पावडर पाण्यावर टाकली की नुसती तरंगते, भिजतच नाही, म्हटलं काम फत्ते. एक्सआरडीला (थरांमधलं अंतर दाखवणारी क्ष-किरण चाचणी) पण पीक ७.५ डिग्रीवरून ४.२ वर आला, म्हणजे थर लांब गेले, मी तर खूष.

मग ५ टक्के पीपीत घालून ट्विन स्क्रू एक्सट्रूडरमधून, म्हणजे वितळवून मिसळणाऱ्या मशीनमधून, २१० ला काढलं. दाणे पिवळट तपकिरी आणि सगळ्या लॅबमध्ये सुक्या बोंबलासारखा वास. मॉड्युलस (ताठपणा) नुसत्या पीपीपेक्षाही थोडा कमी, आणि गंमत म्हणजे साधी, काहीच न केलेली क्ले ५ टक्के घालून जे सॅम्पल केलं होतं त्याचा ह्याच्यापेक्षा बरा आला!! चाचणीचा डंबेल तुकडा ताणताना आधी छान मान पडायची, म्हणजे मध्ये बारीक होऊन लांबायचा, आता तटकन तुटतो. आणि एक्सआरडीत पीक परत उजवीकडे, ६.३ ला. सगळीकडे वाचते तर ट्रीटमेंटने गुणधर्म सुधारतात, माझे बिघडले. सर म्हणतात रिपीट कर. रिपीट करायला हरकत नाही पण काय बदलून करू तेच कळत नाहीये.

वसईकर_कंपाऊंडर:

ताई, तुझा तो बोंबलाचा वास वाचला आणि अर्धं उत्तर मिळालं. मासळीला जो वास येतो तो ट्रायमिथाइल अमीनचा आणि सीटॅब तापून फुटलं की नेमकं तेच सुटतं. म्हणजे तुझं सरफॅक्टंट बॅरलमध्येच जळून गेलं. वर्ष-दीड वर्ष लॅबमध्ये घालवण्याआधी हे एकदा नीट समजून घे, मी नोकरीत नवीन असताना हे समजायला आमचा एक पूर्ण लॉट गेला होता.

तेव्हा एका कंपनीत नायलॉन ६६ मध्ये दोन लांब शेपट्यावाली (शेपटी म्हणजे सरफॅक्टंटची कार्बनची साखळी) ऑर्गॅनोक्ले, म्हणजे सरफॅक्टंट लावलेली क्ले, घालायची ट्रायल होती, झोन २८० च्या आसपास. पहिली दहा मिनिटं स्ट्रँड सुतासारखी सरळ, मग डायपाशी बुडबुडे यायला लागले, स्ट्रँड तुटायला लागली, वॉटर बाथवर तेलकट तवंग. आमचे एक जुने ऑपरेटर होते, आम्ही सगळे त्यांना मामा म्हणायचो, ते हॉपरवरून वाकून म्हणाले आत काहीतरी जळतंय, बंद करा. मी म्हटलं नाही मामा, क्लेचा वास असेल. शिफ्ट संपेपर्यंत चालवलं, सगळा माल तपकिरी, इम्पॅक्ट शून्य. नंतर टीजीए (तापवत वजन मोजायची चाचणी) केला तेव्हा दिसलं की ती क्ले एकटी असताना दोनशेच्या आसपासच वजन सोडायला लागते. हे आधी केलं असतं तर मामांचं ऐकावं लागलं नसतं, नुसता ग्राफ बघून कळलं असतं.

तर तुझ्यासाठी, पीपीला २१० ची गरज नाही, १८५ ते १९५ मध्ये आरामात चालतं, फक्त स्क्रूचा स्पीड उगीच वाढवू नकोस कारण घर्षणाने मेल्ट सेट टेंपरेचरच्या वर जातं, डिस्प्लेवर १९० दिसत असलं तरी नीडिंग ब्लॉकपाशी २१० असू शकतं. हातातला थर्मोकपल असेल तर डायमधून येणाऱ्या मेल्टमध्ये खुपसून बघ. क्ले साइड फीडरने उशिरा घालता आली तर उत्तम, नाहीतर आधी मास्टरबॅच, म्हणजे जास्त क्लेचं दाट मिश्रण, कर.

आणि एमएफआय (मेल्ट किती सहज वाहतो त्याचा आकडा) घे, २३० ला २.१६ किलोवर. एक कप नुसतं पीपी जे तू त्याच मशीनमधून तसंच एकदा काढलंयस, दुसरा कप तुझं कंपोझिट. कंपोझिटचा खूप वाढलेला आला तर पीपीच्या साखळ्याच तुटल्यात, मग मान न पडता तटकन तुटण्याचं मोठं कारण तिथेच आहे, सगळा दोष क्लेच्या पसरण्यावर टाकू नकोस. हे नुसतं पीपी एकदा मशीनमधून काढायचं पोरं विसरतात आणि पाकिटातल्या पीपीशी तुलना करतात.

अजून एक, पीपी-जी-एमए (मॅलेइक अनहायड्राइड लावलेलं पीपी) घातलंस का? पोस्टमध्ये कुठे दिसलं नाही.

थरांच्या_मधोमध:

वसईकरांनी वासावरून रोग पकडला, त्याला पूर्ण अनुमोदन. मी थोडं आतलं सांगतो, मी बरीच वर्षं ह्याच मातीत आहे आणि हा प्रश्न दर वर्षी कोणी ना कोणी विचारतंच, म्हणून एकदा मनापासून लिहितो, लांबलं तर माफ करा.

मॉन्टमोरिलोनाइट म्हणजे पापडांची चळत समजा, एकेक पापड साधारण १ नॅनोमीटर जाड आणि शंभर-दोनशे नॅनोमीटर किंवा त्याहून जास्त रुंद. पापडावर निगेटिव्ह चार्ज आहे आणि दोन पापडांच्या मध्ये सोडियम बसून त्यांना धरून ठेवतो. पाण्यात सोडियमभोवती पाणी जमतं म्हणून चळत फुगते, पण वितळलेलं पीपी तेलासारखं, त्याला ह्या मिठाळ पाणथळ फटीत शिरायचं काही कारणच नाही. सरफॅक्टंटची डोकी, म्हणजे अमोनियमचा पॉझिटिव्ह नायट्रोजन, सोडियमला हुसकून थराला चिकटतात आणि शेपट्या फटीत पसरतात. फट रुंदावते आणि पृष्ठभाग तेलकट होतो. तुझी पावडर पाण्यावर तरंगली ती म्हणूनच. इथपर्यंत तुझं बरोबर आहे.

आता दुप्पटचं बघू. थरावर चार्ज जेवढा आहे तेवढीच डोकी मिठाच्या बंधाने घट्ट बसणार, ते गणित म्हणजे सीईसी. वरचं जे सीटॅब आहे ते ब्रोमाइडसकट नुसतं फटीत किंवा बाहेर चिकटून बसलंय. एक्सआरडीत त्याने फट वाढलेली दिसते हे खरं, पण ते बांधलेलं नाहीये. तापवलं की तेच पहिलं फुटतं, कारण मोकळा ब्रोमाइड अमोनियमवर हल्ला करतो. आणि बांधलेलं सुद्धा दोनशेच्या पुढे हॉफमन एलिमिनेशनने फुटायला लागतं, शेपटीची अल्कीन सुटते, अमीन सुटतो आणि थरावर एक आम्ल प्रोटॉन उरतो. हा प्रोटॉन फार वाईट, तो पीपी आणि त्यातला अँटिऑक्सिडंट दोघांनाही त्रास देतो, रंग येण्यात त्याचा मोठा वाटा असतो. मोकळं सीटॅब जे शिल्लक राहतं ते प्लास्टिसायझरचं काम करतं. म्हणजे तुझा मॉड्युलस तिन्हीकडून खाली ओढला जातोय.

ब्रॅगच्या सूत्राने थरांमधलं अंतर (डी-स्पेसिंग) काढून बघ, एक्सआरडीतल्या कॉपरच्या किरणांची तरंगलांबी ०.१५४ नॅनोमीटर धरून. ७.५ म्हणजे साधारण १.१८ नॅनोमीटर, ४.२ म्हणजे २.१, आणि ६.३ म्हणजे १.४. म्हणजे पीपीत गेल्यावर फट वाढायच्या ऐवजी मिटली. शेपट्या उडून गेल्या आणि पापड परत एकमेकांवर बसले. पीपी आत शिरलंच नाही, जे काही झालं ते साधी मायक्रो फिलर घातल्यासारखं झालं.

आणखी एक गोष्ट जी बहुतेकांच्या नजरेतून सुटते. ५ टक्के क्ले म्हणजे ५ टक्के कसली? सगळं सीटॅब शिल्लक आहे असं धरलं तर तुझ्या १०० ग्रॅम मूळ क्लेवर ६७.५ ग्रॅम बसलंय. म्हणजे ५ ग्रॅम पावडरमध्ये खरी माती जेमतेम ३ ग्रॅम, उरलेलं २ ग्रॅम मेणकट पदार्थ. साध्या क्लेच्या सॅम्पलमध्ये पूर्ण ५ ग्रॅम माती आहे. ही तुलनाच बरोबरीची नाही. सगळी सॅम्पल भट्टीत जाळून राखेवरून मातीचे टक्के काढ आणि ग्राफचा आडवा अक्ष तोच ठेव. नुसत्या क्लेचं पण थोडं वजन उतरतं कारण थरातल्या हायड्रॉक्सिलचं पाणी जातं, ती दुरुस्ती धर. हे केल्यावर अर्धे चमत्कार नाहीसे होतात असा माझा अनुभव आहे, आणि जे उरतात ते खरे असतात.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे कुठलं सरफॅक्टंट चांगलं ह्याला पॉलिमर सांगितल्याशिवाय उत्तरच नाही. हे सगळं ज्यामुळे गाजलं ते टोयोटाच्या संशोधन प्रयोगशाळेतलं नायलॉन ६ चं काम, १९८० च्या दशकातलं, १९९३ मध्ये त्याचे सविस्तर पेपर आले. त्यांनी १२-अमिनोलॉरिक आम्लाने क्ले ट्रीट केली आणि कॅप्रोलॅक्टम फटीतच पॉलिमराइझ केलं, म्हणजे शेपटीच्या टोकापासूनच नायलॉन वाढायला लागलं. ४ टक्क्यांच्या आसपास मातीत टेन्साइल ६९ वरून १०७ मेगापास्कल, मॉड्युलस १.१ वरून २.१ गिगापास्कल, आणि हीट डिस्टॉर्शन ६५ डिग्रीवरून १४० च्या वर. त्याचं टाइमिंग बेल्टचं कव्हर गाडीत बसलं. हे आकडे वाचून सगळे आपापल्या पॉलिमरमध्ये तेच शोधायला लागले, पण नायलॉनची गोष्ट वेगळी आहे, त्याच्या अमाइडला मातीचा उघडा पृष्ठभागच आवडतो. म्हणून नायलॉनला एक शेपटीवालं सरफॅक्टंट दोन शेपटीवाल्यापेक्षा सरस ठरतं, कारण दोन शेपट्या जास्त जागा झाकून टाकतात. पॉलिइथिलीनमध्ये बरोबर उलटं, तिथे जितका पृष्ठभाग झाकाल तितकं बरं, म्हणून दोन शेपट्या. फॅटी टॅलोच्या दोन शेपट्यावाल्या ज्या विकतच्या ऑर्गॅनोक्ले येतात त्यांचं डी-स्पेसिंग २.४ च्या आसपास असतं, हायड्रॉक्सिलवाल्या एक शेपटीवाल्याचं १.८५. निव्वळ आकडा बघून पहिलीच चांगली म्हणायचं नाही.

आणि पीपीत दोन शेपट्या सुद्धा पुरत नाहीत. पीपीला शेपटीशी विशेष प्रेम नाही आणि वैर पण नाही, फटीत शिरून फायदा काही होत नाही, उलट साखळीची हालचाल कोंडते. ओढून नेणारं कोणीतरी लागतं, ते म्हणजे मॅलेइक अनहायड्राइड लावलेलं पीपी, त्याचे ध्रुवीय गट मातीच्या ऑक्सिजन-हायड्रॉक्सिलशी हायड्रोजन बंध करतात. मातीच्या एकपट ते तिप्पट घेतात. पण ते पण वाट्टेल तितकं नको, फार कमी मॉलिक्युलर वेटचं आणि खूप मॅलेइकवालं असेल तर मूळ पीपीत नीट मिसळत नाही आणि स्वतःच मऊ असल्यामुळे मॉड्युलस खातं. तेव्हा वसईकरांचा शेवटचा प्रश्नच कळीचा आहे.

पॅकेजिंग_काका:

वरच्या दोघांशी सहमत, फक्त एक बाजू राहतेय म्हणून लिहितो. मॉड्युलस हा एकच गुणधर्म धरून बसू नकोस बेटा. आम्ही फिल्मवाले ह्याच क्लेकडे बॅरियरसाठी बघतो. थर आडवे पसरले की ऑक्सिजनला नागमोडी वाट काढावी लागते. निल्सनचं साधं सूत्र आहे, पापडाची लांबी भागिले जाडी १०० आणि माती २ टक्के आकारमानाने धरली तर झिरपणं जवळजवळ निम्मं होतं. पण तीच चळत न सुटता दहा-दहा पापडांची एकत्र राहिली तर ते १०० चं १० होतं आणि हिशोब केलास तर झिरपणं जेमतेम दहा-बारा टक्क्यांनी उतरतं. म्हणजे सरफॅक्टंटचं काम नीट झालं का नाही हे बॅरियर टेस्ट मॉड्युलसपेक्षा जास्त ठळक दाखवते, सोय असेल तर कर.

दुसरं म्हणजे सांडलेल्या, न बांधलेल्या सरफॅक्टंटचा विषय आमच्याकडे फार गंभीर आहे. क्वाटर्नरी अमोनियम जंतुनाशक असतात, सीटॅब तर उघडच. अन्नाला लागणाऱ्या फिल्ममध्ये ते मोकळं राहिलं तर बाहेर येणार. म्हणून धुणं हा टाइमपास नाही, तीनदा धुतलं हे वाचून मला काळजी वाटली. धुतलेल्या पाण्यात ब्रोमाइड उरलं असेल तर सिल्व्हर नायट्रेटने गढूळ होतं, ते बघितलंस का?

पीएलएवर (पॉलिलॅक्टिक आम्ल, एक पॉलिएस्टर) कोणी काम करत असेल तर हायड्रॉक्सिलवालं सरफॅक्टंट घ्या, एस्टरशी जमतं, पण क्ले आणि पीएलए दोन्ही कोरडे पाहिजेत नाहीतर मेल्टमध्ये पीएलए पाण्याने तुटतं आणि नावं सरफॅक्टंटला ठेवली जातात.

पॉलिमर_पोरगी:

सगळ्यांचे खूप खूप आभार, दोन दिवस उत्तर दिलं नाही कारण तुम्ही सांगितलेलं करून बघत होते.

वसईकर दादा, पीपी-जी-एमए नव्हतं घातलं. मला वाटायचं ट्रीट केलेल्या क्लेला त्याची गरज नाही, ते साध्या क्लेसाठी असतं. आता कळलं.

काका, सिल्व्हर नायट्रेट टाकलं. उरलेल्या पावडरमधली थोडी परत पाण्यात ढवळून गाळली आणि गाळलेल्या पाण्यात दोन थेंब, लगेच फिकट पिवळसर गढूळ. म्हणजे ब्रोमाइड भरपूर होतं. आणि गाळलेलं पाणी हलवलं की फेस येतो, हे मी पहिल्या वेळी पण बघितलं होतं पण त्याचा अर्थ लावला नाही. दुसरं असं लक्षात आलं की मी धुवायला नळाचं गार पाणी वापरत होते, सकाळी आठ वाजता, डिसेंबरात. फनेलच्या कडेला पांढऱ्या चमकदार पापुद्र्यासारखं काहीतरी जमायचं, मला वाटायचं क्ले वाळतेय. ते सीटॅबचे स्फटिक होते का?

टीजीए पण लावला, २१० ला दहा मिनिटं धरून. हवेत वजन उतरतच राहिलं, नायट्रोजनमध्ये कमी उतरलं.

थरांच्या_मधोमध:

हो, तेच. सीटॅब २५ डिग्रीच्या खाली नीट विरघळत नाही, क्राफ्ट टेंपरेचर, म्हणजे ज्याच्या वर सरफॅक्टंट नीट विरघळतं ते तापमान, तिथेच आहे. गार पाण्याने जितकं धुशील तितकं ते फनेलवरच राहणार. ६० डिग्रीच्या पाण्याने धू, शेवटचे एक-दोन हात पाणी आणि इथेनॉल अर्धं-अर्धं, आणि सिल्व्हर नायट्रेट निवळ राहीपर्यंत थांबू नकोस, मग ते चार हात लागोत की नऊ. केक फिल्टरवर सुकू द्यायचा नाही, चमच्याने काढून परत बीकरमध्ये मोकळा ढवळायचा, नाहीतर पाणी भेगांतून निघून जातं आणि आतला भाग तसाच राहतो.

टीजीए हवेत आणि नायट्रोजनमध्ये दोन्ही केलास हे फार छान केलंस, बहुतेक लोक नायट्रोजनचाच एक रॅम्प लावतात आणि २५० ला सुरुवात दिसते म्हणून निश्चिंत होतात. मशीनमध्ये हवा असते आणि माल तिथे थांबतो, त्यामुळे तुझा दहा मिनिटांचा प्रयोग जास्त खरा.

पुढच्या बॅचला सीईसीच्या १.० किंवा फार तर १.१ पट घे. ५० ग्रॅमला १६.९ ते १८.६ ग्रॅम. एक्सआरडीत पीक ४.२ ला न येता ४.५-४.९ च्या मध्ये कुठेतरी येईल, ते बघून नाराज होऊ नकोस, ह्या वेळी तिथे जे आहे ते बांधलेलं आहे. एफटीआयआरची (इन्फ्रारेड चाचणी) सोय असेल तर २९२० च्या जवळचा सीएचटूचा पीक बघ, शेपट्या ताठ रचलेल्या असतील तर खाली, वेड्यावाकड्या असतील तर २९२८ कडे सरकतो. हे बघायला मजा येते, थीसिसमध्ये एक पान छान होतं.

आणि कंपोझिटमध्ये पीक दिसलाच नाही तर लगेच एक्सफोलिएशन, म्हणजे थर पूर्ण सुटे झाले असं, लिहू नकोस. माती कमी आहे, थर अस्ताव्यस्त आहेत, किंवा पीक २ डिग्रीच्या खाली गेलाय, काहीही असू शकतं. टीईएम (इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप) कर, ते पण एकच सुंदर फोटो नको, कमी मॅग्निफिकेशनचे पण काढ. टीईएमचा नंबर लवकर लागत नसेल तर रिओमीटरवर लो फ्रिक्वेन्सीचा जी-प्राइम (मेल्टचा लवचिक ताठपणा) बघ, थर खरंच पसरून जाळं झालं असेल तर तिथे तो सपाट व्हायला लागतो.

वसईकर_कंपाऊंडर:

इथेनॉलने धुतल्यावर ओव्हनमध्ये टाकायच्या आधी उघड्यावर नीट उडू दे, बंद ओव्हनमध्ये वाफ साठायला नको. वाळवणं ६० ते ८० मध्येच, रात्रभर, व्हॅक्यूम असेल तर चांगलं. जास्त तापवून खडा झाला की खलात कितीही कुटलं तरी मशीनमध्ये ठिपके दिसतात.

पॉलिमर_पोरगी:

झालं सहाव्या हाताला सिल्व्हर नायट्रेट निवळ!! गरम पाण्याने केलं आणि फेस पण गेला. पावडर ह्या वेळी पांढरीशुभ्र आणि हाताला पिठासारखी लागतेय, मागची मेणचट होती, बोटांना चिकटायची.

एमएफआय पण घेतला, मशीनमधून काढलेल्या नुसत्या पीपीच्या जवळजवळ दुप्पट आला जुन्या सॅम्पलचा. सरांना दाखवला, ते बराच वेळ बघत बसले आणि म्हणाले हे पण प्रकरणात घाल, काढून टाकू नकोस. तर आता चार सॅम्पल ठरवलीत, नुसतं पीपी, पीपी आणि पीपी-जी-एमए, त्याच मिश्रणात साधी क्ले, आणि त्याच मिश्रणात धुतलेली १.० सीईसीवाली, चारही त्याच मशीनमधून १९० ला आणि क्लेवाल्या दोन्हीत माती राखेवरून ३ टक्के सारखी. पीपी-जी-एमए तिन्हीत सारखंच, मातीच्या दुप्पट म्हणजे ६ टक्के. एक्सट्रूडरचा स्लॉट सोमवारी सकाळी मिळालाय, थर्मोकपल शेजारच्या लॅबमधून मागून ठेवलाय.

वसईकर_कंपाऊंडर:

आधी नुसतं पीपी काढ, क्लेवाली शेवटी. आणि मध्ये बॅरल पर्ज करायला अर्धा किलो साधं पीपी जास्तीचं ने, लोक मोजून नेतात आणि मग तिसऱ्या सॅम्पलला कमी पडतं.

पॉलिमर_पोरगी:

नेते दादा. सोमवारी रात्री रंग आणि वास कसा आला ते इथेच लिहिते.

पॉलिमर_पोरगी:

चारही झाली. डायपाशी मेल्ट १९६ दाखवत होतं, सेट १९० होतं, तुम्ही म्हणाला होतात तसंच. दाणे फिकट, दुधी. वास अगदी बारीक, नाक जवळ नेलं तरच. एक्सआरडीचा नंबर गुरुवारी.